धुळीची एम.एस्सी.

विक्रोळी,
९ जून १९८५

ती. द्रौपदीताईस खंडूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी भाची राधा फर्स्ट क्लासने बी.एस्सी. झाली. पेढे पाठवलेत, वाटेत कुणी खाल्ले नाहीत तर मिळतील. मी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून दिला, तर म्हणते एम.एस्सी. करणार. का, तर एका ताऱ्याभोवती धुळीची चकती असल्याचा फोटो मिळालाय आणि असल्या धुळीतूनच पृथ्व्या तयार होतात म्हणे. मी म्हटलं, धूळच बघायची तर आमच्या फाउंड्रीत ये, गेटपास काढून देतो. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तू मास्तरीण आहेस, तिला चार शब्द सुनाव.

तुझा लोभ आहेच, या खेपेला तो माझ्या बाजूने वापर.

तुझा खंडू


अकोला,
१५ जून १९८५

चि. खंडूस आशीर्वाद आणि जयभीम.

पेढे पोचले, दोन कमी होते. सुनावते, पण तुला. तू सातवीत शाळा सोडून कामाला लागलास म्हणून मी मास्तरीण झाले, हे विसरले नाही. पण त्यामुळे तुला फिजिक्स कळतं असं होत नाही. धुळीची जमीन होते कशी, हे पोरीला एकदा तरी विचारलंस का? विचार. तुझ्यासारख्या ठोंब्याला समजावता आलं, तर बँकेचं नाव काढायचं नाही. नाही आलं, तर मी मध्ये पडणार नाही.

राग आला तर पाणी पी, माया तेवढी राहू दे.

तुझी ताई


विक्रोळी,
२७ जून १९८५

ती. ताईस ठोंब्याचा जयभीम. वि. वि.

रविवारी विचारलं. राधा जेवण सोडून तासभर बोलत होती. तारा तयार झाला की उरलेली धूळ त्याच्याभोवती फिरत राहते. कणाला कण चिकटतो, त्यांचे खडे होतात, खड्यांचे धोंडे, धोंड्यांचे डोंगर, आणि लाखो वर्षांनी ग्रह. ताऱ्याच्या फार जवळ असला तर पाण्याची वाफ, फार लांब तर बर्फ. मधल्या पट्ट्यातच कुणी जगलं तर जगेल. एवढं पटलं. मग मी म्हटलं, "बिडाचे दोन तुकडे जोरात आपटले की कपचे उडतात. धोंड्याला धोंडा चिकटतो कसा?"

 ती म्हणाली, "माहीत नाही, बाबा." तिचं तोंड एवढंसं झालं आणि जिंकूनही मीच ताट बाजूला सारलं.

सोमवारी ती पार्ल्याला कॉलेजात जाऊन तिच्या सरांना तेच विचारून आली. सर म्हणाले, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही, आणि प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला. त्याच संध्याकाळी मी एम.एस्सी.च्या फॉर्मवर सही केली.

ताई, प्रश्न वडिलांचा आहे म्हटल्यावर सरांनी विचारलं, वडील कुठे शिकवतात. राधाने सांगितलं, विक्रोळीला, फाउंड्रीत.

आमच्या सगळ्यांवर जीव असू दे.

तुझा खंडू