एक हजार नव्याण्णवनंतर

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
बुधवार, १६ जानेवारी १९७४

चि. बाळ यास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद. तिळगूळ पुडीत घातलाय, चुरा झाला तर पोस्टाला बोल, मला नको.

परवा सगळ्यात आधी उगवल्या त्या हेमलताबाई. हळदीकुंकू पाचचं आणि ह्या साडेचारलाच दारात! ह्या आपल्या अलकाच्या, म्हणजे विलासच्या लेकीच्या, तिसरीच्या वर्गाच्या बाई. मी गुडघ्यांवर, कोपरापर्यंत पिठी. आतून सूनबाई प्रभा ओरडतेय, "आई, बायकांनी पाय कुठे ठेवायचे? उडत यायचं का?"

अख्खं अंगण ठिपक्यांनी भरलं होतं ना! मिरजेची रांगोळी केव्हाच संपली, म्हणून तांदळाची पिठी. त्यावर चिमण्या टपलेल्या. इथल्या चिमण्या पण काय धीट, हाकललं तरी दोन पावलं सरकतात नि परत हजर. असो. किती ठिपके ते सांगते, पण आधी मागचं.

दिवाळीनंतर शाळेतून चिठ्ठी आली. अलका मोजत मोजत एक हजार नव्याण्णवला पोचते आणि पुढे थेट दोन हजार म्हणते. मधले नऊशे आकडे गिळून टाकते. सुधारली नाही तर पुन्हा तिसरीतच बसावं लागेल.

विलास भडकला. "रोज संध्याकाळी आजीला म्हणून दाखवतेस ना? मग?"

पोरगी माझ्याकडे बघत राहिली.

बाळ, ती रोज म्हणायची, मी मटार सोलत ऐकायची, आणि दोन हजार आले की मीच म्हणायची, "शाब्बास!" मला वाटायचं तसंच असतं. शंभर झाले की माझ्या विसा सुरू. घरच्या लग्नांतले लाडूसुद्धा मी विसांनीच मोजले. हजाराच्या पलीकडे जायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हात तिची वेणी घालताना विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस गं?"

"तुला डाँट पडली असती ना, आजी."

आठ वर्षांचं पोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हटलं, मला ठिपके येतात, तेवढे तरी देऊ हिला. एक ठिपका घातला. त्याला दोन बाजूंनी वळसा घालणारा तीन ठिपक्यांचा कोपरा, त्याला पाचाचा, त्याला साताचा. अलका मोजतेय, "एक, चार, नऊ, सोळा... आजी, देख ना, दरवेळी चौकोनच होतोय!" नववा कोपरा एकोणीसचा. तो घातला आणि बरोब्बर शंभर! ना एक कमी, ना एक जास्त. इतकी वर्षं हे माझ्या बोटांत होतं रे, आणि मला पत्ता नाही.

मग वेडच लागलं दोघींना. संक्रांतीला असे दहा चौकोन घातले. हजार! तू हजार एका ठिकाणी बघितलेत कधी? तोंडाने म्हणायला एवढासा आकडा. अंगणात मांडला तर भिंतीला जाऊन टेकला. मी नुसती बघत बसले.

अकरावा चौकोन अलकाने घेतला, एकेक ठिपका मोठ्याने मोजत. हेमलताबाई दारात आल्या तेव्हा ती म्हणत होती, "एक हजार नव्याण्णव." कोपऱ्यात एकच जागा रिकामी. तिने तोंड उघडलं, मिटलं. मागे वळून सगळ्या चौकोनांकडे बघितलं.

"अभी कहाँ दोन हजार, आजी! अकराच तर घरं झालीत. एक हजार एकशे! अजून नऊ घरं पाहिजेत."

आणि ठेवला ठिपका.

मी हात न धुताच बाईंना सांगून टाकलं, "चूक हिची नव्हती. शाब्बास मी म्हणत होते." बाई इरकली नेसलेल्या, तशाच खाली बसल्या नि चौकोन मोजू लागल्या. मग म्हणाल्या, "मार्चच्या परीक्षेचं मार्चमध्ये बघू. पण आज ही काही गिळत नाहीये. हे पुसू नका, आजी. अख्खी तिसरी घेऊन येते. बावीस जण आहेत."

"बावीस?" प्रभा आतून. "चहा की दूध?"

विलास दर संक्रांतीसारखा पानिपतला, मराठे पडले त्या काला अंबला, माथा टेकायला गेला होता. परतल्यावर त्यालाही सांगितलं. चपला हातात घेऊन उभाच राहिला. मग म्हणाला, "आई, पाय कुठून टाकू?" आणि भिंतीच्या कडेकडेने आत गेला, एकही ठिपका न मोडता.

त्याला सांगितलं, तर तुलाही सांगते. तुझ्या श्रीरंगच्या लग्नात भर पंगतीत तू म्हणालास, "अक्काला शंभराच्या पुढचं विचारू नका," आणि सगळे हसले. तीन वर्षं मी पत्र टाकलं नाही. खरं होतं म्हणून लागलं रे. तू जन्मलास तेव्हा मी दुसरीत होते. पाळण्याच्या दोरीला माणूस हवं होतं. माझी पाटी तुझ्या पाळण्याखाली ठेवली, ती पुढे तुझीच झाली. राग धरला तो तुझ्यावर, आणि तू तर तेव्हा दुपट्यात गुंडाळलेला!

तू जन्मभर गणित शिकवलंस. आता मला एक सांग. अलका म्हणते, लाख ठिपक्यांना अशी शंभर अंगणं लागतील. खरं का? मी डोळे मिटून बघायला गेले तर लक्ष्मीबाई नगर पुरेना. आणि त्याच्याही पुढे आकडे आहेत म्हणे. कुठवर आहेत, ते लिही. बारीक अक्षरात नको, मला दिसत नाही.

चिमण्यांनी खाल्लेले ठिपके आम्ही रोज सकाळी भरतो. नऊ घरं घालायचीत अजून, ती आता दाराबाहेर रस्त्याकडेला; दोन शेर पिठी दळून आणलीय. बाई मुलांना घेऊन शनिवारी सकाळी दहाला येते म्हणाल्यात.

तुझी, अकराशेपर्यंत आलेली,
अक्का