केर माझा, जमीन तुमची

भिवंडी
रविवार, नोव्हेंबर १९९८

आई,

तू गेल्यापासून इतक्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, रागावू नकोस. रोजवहीत शाळा, पाहुणे, दुखणी सगळं लिहिते. तुझ्याकडे वळायची वेळ आली की पेन ठेवून देते. कामाचं निमित्त सांगणार नाही. घरात बोलायला कुणी उरलेलं नाही, हे कागदावर दिसेल म्हणून टाळत होते.

काल बाजारातून येताना शेठनी हाक मारली. तेच, ज्यांच्या सोन्याच्या दुकानाचा आणि मागच्या दागिन्यांच्या कारखान्याचा केर तू दर दिवाळीला उचलायचीस. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि ते मागे खुर्चीत. म्हणाले, "काय गं बाय, ओळख ठेवलीस का नाही? पोरगा मागच्या कारखान्यात लादी बसवतोय. मातीची जमीन सगळी उकरायची. सोन्यासाठी धूळ धुणारे कालच येऊन गेले, 'पूरा माल उठा लेंगे' म्हणतात. मी म्हटलं, थांबा जरा. तुझ्या आईची नाकातली फुली हाय त्यात, माती तूच धू." मी म्हटलं, "काका, मी शाळेत शिकवते." "मग? शाळेत पाण्याला हात लावायची बंदी हाय?" मुलगा हसला, मीही हसले. तो म्हणाला, "ताई, बुधवारपर्यंत सांगा हां. लादीवाला थांबणार नाही."

तेव्हापासून मी तुझे शब्द आठवत बसले आहे. टेमघरच्या त्या खोलीमागची मोरी, भिंतीपलीकडे लूम, आणि पाण्यावर सारखा येऊन बसणारा कापसाचा भुरा. तू आधी तो हाताने बाजूला सारतेस, मग केर घातलेली लाकडी काथवट हलवायला लागतेस. राख आणि हलकी माती पाण्याबरोबर निघून जाते, तळाला जड काळी रेती राहते; तिला तू नुसतं 'काळी' म्हणायचीस. काळी सरकली की तिच्यामागे एक बारीक पिवळी रेघ राहायची, ती 'शेपटी'. आणि काथवटीत पाणी असेपर्यंत सोनं हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पाण्यावर त्याचं नाव 'बाई'. मी दारात बसून वह्या तपासत विचारायची, "आली का?" तू मान वर न करता म्हणायचीस, "येतेय." वीज गेली आणि लूम थांबले की तुझा हातही क्षणभर अडखळायचा. मग तू स्वतःशीच हसायचीस. "बग, आमी बी त्यांच्याच ड्युटीवर."

केर उचलायला जाताना अंगावर सोन्याचा कण ठेवायचा नाही, हा या कामातला नेम. उद्या कुणी बोट दाखवायला नको. तुला तो पाळायला कधी जड गेला नाही, कारण काढून ठेवण्यासारखं तुझ्याकडे काही नव्हतंच. नाकाच्या भोकात कडुनिंबाची काडी असायची. मला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून मी त्याच दुकानातून तुझ्यासाठी फुली घेतली. तू आरशात एकदाच पाहिलंस आणि भाकऱ्या थापायला बसलीस. दिवाळीत केर उचलायला गेलीस ती फुली घालूनच. काढायची सवय व्हायला आधी घालायची सवय लागते, ती तुला कुठून असणार? संध्याकाळी परतलीस तेव्हा नाक मोकळं होतं. सगळा केर तू धुतलास, पण ती त्यात नव्हती. म्हणजे कारखान्यातल्या जमिनीच्या भेगेतच गेली असणार. दुसऱ्या दिवशी मी तुला ओढत दुकानात नेलं. शेठ स्वतः म्हणाले, "उकर ना बाई, मी काय बघत बसणार हाय?" तू म्हणालीस, "न्हाय शेठ. केर माजा, जमीन तुमची."

वाटेत मी खूप बोलले. माझ्या पगाराची तुला किंमत नाही, असंसुद्धा म्हणाले. तू पदर सारखा केलास. मग म्हणालीस, "आज माजं म्हनून उकरलं, तर उद्या दुसऱ्याचं बी मला माजंच दिसंल. मंग मला केर कोन देल?" घरी येऊन तू कडुनिंबाची नवी काडी घातलीस. त्या महिन्यात आपण दोघी वज्रेश्वरीला गेलो होतो, आठवतं? वर्षभर गार पाण्यात राहिलेले हात तू कोपरापर्यंत गरम कुंडात बुडवलेस आणि डोळे मिटलेस. थोड्या वेळाने पाहते तर तळाची रेती ओंजळीत घेऊन हलवत होतीस. मी म्हटलं, "इथं काय मिळणार?" "मिळायलाच पायजे असं कुटं हाय?" म्हणालीस. मी अजून रुसलेलेच होते, म्हणून हसले नाही. तेव्हा हसायला हवं होतं.

काल निघताना शेठ हळूच म्हणाले, "ती म्हणायची, जमीन तुमची. घे, आता जमीन तुला दिली." तरी रात्रभर मी विचार करत होते. फुली सापडलीच तर बाजूला काढून ठेवू, की तुझ्या रीतीने सगळ्या कणांबरोबर वितळवायला मुशीत घालू? हाताला जमेल का? आज सकाळी मोरीत कुंडीतली माती ताटात घेऊन हलवून पाहिली. हात थोडा आठवतोय. लूम अजून वाजतात, भुराही येतो. ताट हलवत राहिले आणि एकदम लक्षात आलं, मी दाराकडे कान लावून बसले आहे. "आली का?" असं विचारायला तिथं कुणी नव्हतं.

हे पत्र वहीतच राहणार. म्हणून खरं लिहिते, आई, फुलीचं मला तितकं नाही. मी माती धूत असताना शेठ मागे खुर्ची टाकून बसतील, आणि "आली का?" असं विचारायचं त्यांना माहीत आहे.

उद्या: माळ्यावरून काथवट काढून भिजत घालणे. लाकूड वाळलंय, फुगून चिरा मिटायला दोन दिवस लागतील.