लांब बाह्यांचा संशय

४ मार्च, बुधवार. सकाळ.
मुलगी आजही लांब बाह्यांचा कुर्ता घालून कॉलेजला गेली. एवढ्या उकाड्यात! पंखा फुल्लवर. विचारलं तर म्हणाली, उन्हानं हात काळे पडतात. मग घरात कोणतं ऊन आहे, असं विचारलं. त्यावर म्हणाली की पप्पा, चहा गार होतोय.
विषय बदलला. म्हणजे काहीतरी आहे.

त्याच दिवशी, दुपार. दुकानात.
सुतावरून स्वर्ग गाठणारा माणूस मी नाही. पण समोरच्या गाळ्यात टॅटूवाला येऊन सहा महिने झाले आणि बाह्या लांब होऊन एक. मी बोर्ड पेंटर. नजर हेच आमचं भांडवल. टॅटूवाल्याचा बोर्ड मीच रंगवला हे खरं, पण धंदा वेगळा, विश्वास वेगळा. शिवाय त्यानं कागदावर ‘स्टूडीओ’ लिहून आणलं होतं, ते मी सुधारून दिलं. या गावात ऱ्हस्व-दीर्घ कळणारा मी एकटाच उरलोय. गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या खजिनदारांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत चार चुका काढल्या. रविवारच्या उपासनेनंतर, सगळ्यांसमोर. त्यांना आनंद झाला असावा. अजून बोलले नाहीत.

८ मार्च, रविवार.
चर्चच्या पंच कमिटीत ठराव मांडला. सेक्रेटरी या नात्याने. ‘अंगावर गोंदून घेतलेल्या कोणत्याही व्यक्तीस उपासनेत गाणाऱ्या क्वायरमध्ये उभे राहता येणार नाही.’ आधाराला जुन्या करारातलं वचन दिलं. गोंदून घेऊ नका, असं स्वच्छ लिहिलंय. संपला विषय.
संपला नाही. पाळकसाहेब म्हणाले की वचन अर्धंच वाचलंत, त्याच्या आधी मेलेल्यांसाठी असं काहीतरी आहे, ते घरी नीट वाचा. शिवाय त्याच अध्यायात दाढीची कड कापू नये आणि दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालू नये असंही आहे म्हणे. सगळ्यांनी माझ्या गुळगुळीत हनुवटीकडे पाहिलं. मग टेरिकॉटच्या शर्टाकडे. खजिनदार हसले.
पाळकसाहेबांची एवढी तयारी कशी? आणि त्यांच्या घड्याळाचा पट्टा इतका रुंद कशाला?
निर्णय बावीस तारखेला.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
मुलीला ठरावाचं सांगितलं. तिचा चेहरा बारकाईनं पाहिला. ती म्हणाली, क्वायरमध्ये ती आईच्या जागेवर उभी राहते, हे मला माहीत आहे ना. मी म्हटलं, म्हणूनच. जागा स्वच्छ पाहिजे.
ती उठून आत गेली. अपराधी माणूस असाच उठतो.

९ मार्च.
योजना क्रमांक एक. घरातले सगळे पडदे धुवायला काढले. पडदे धुवायचे म्हणजे बाह्या वर कराव्याच लागणार. तिनं ते मशीनमध्ये टाकले. मशीन मीच आणलं होतं. आता आयुष्यभर पस्तावणं आलं.

१० मार्च.
मुलीनं विचारलं, एकोणीस तारखेला कबरस्तानात येणार का. आईला जाऊन वर्ष होतंय. मी म्हटलं सीझन आहे, कामं डोक्यावर आहेत. खरंच आहेत. वर्षभर होती. शेवटचा गेलो तो क्रूस रंगवायला. अक्षरं फार सुंदर आली होती, तेव्हा पुन्हा बघायची गरज नाही.

११ मार्च.
योजना क्रमांक दोन. माझ्या ताईला बोलावलं. ताई नर्स आहे. सगळ्यांचं बीपी तपासू म्हटलं. मुलीनं डावी बाही वर केली. कोरी! उजवीही तपास, असं मी ताईला म्हणालो. ताई म्हणाली की दोन हातांची दोन बीपी नसतात. मग माझं घेतलं. बरंच चढलेलं निघालं. मीठ बंद करायला सांगितलं.
संकल्प: आजपासून मीठ बंद. संशयही बंद, उजवा हात सोडून.

१२ मार्च.
वेफर्स खाल्ले. त्यांत मीठ आतून असतं, वरून घेतलेलं नाही.

१४ मार्च. दुपार.
भयंकर! अर्धवट रंगवलेल्या बोर्डाआड उभा राहून समोरच्या गाळ्यावर पाळत ठेवली होती. पाळकसाहेब टॅटूवाल्याकडे गेले! आत! नीट ऐकू यावं म्हणून कान बोर्डाला टेकवला. बोर्ड ओला आहे हे नंतर लक्षात आलं. कान हिरवा.

१५ मार्च, रविवार.
उपासनेनंतर पाळकसाहेबांशी हस्तांदोलन केलं आणि हात न सोडता अंगठ्यानं घड्याळाचा पट्टा हळूच सरकवला. खाली फक्त घामोळं. त्यांनी विचारलं, नाडी बघताय का? मी हो म्हणालो. काल ते सायकलला हवा भरायचा पंप मागायला गेले होते, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी विचारलंच नव्हतं. आपणहून सांगणारा माणूस सरळ नसतो. मग त्यांनी माझ्या कानाला काय झालंय ते विचारलं. मी घाईत होतो.

१८ मार्च. सकाळ.
सापडली.
चहा गाळताना तिच्या उजव्या हातावर सांडला. तिनं बाही ओढून वर केली आणि हात नळाखाली धरला. मनगटाच्या आत काळी अक्षरं. ‘पुन्हा भेटु.’
तोंडून पहिलं काय निघालं असेल? भाजलं का, नाही. हे काय केलंस, तेही नाही. मी ओरडलो की टु ऱ्हस्व? टु ऱ्हस्व?? शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ असतो हे माझ्या मुलीला कळू नये! जन्मभराची चूक कातडीवर! कोणत्या अडाण्यानं केलं हे?
तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नळ बंद करून खोलीत गेली.
ठरावाला आता भक्कम पुरावा आहे. आनंद व्हायला हवा होता.

त्याच दिवशी. दुकानात.
टॅटूवाल्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, काका, ओरडू नका, अक्षर माझं नाही. तिनं मोबाइलवर फोटो आणला होता. एका पांढऱ्या क्रूसाचा. त्यालाही टु खटकला होता, त्यानं विचारलंही होतं. ती म्हणाली की आहे तस्संच उतरव, काना-मात्रा इकडची तिकडे करू नकोस. मग तो त्याच्या बोर्डाकडे बघत म्हणाला, शिरोरेघ शेवटी जराशी वर जाते ना, अगदी तुमच्यासारखी, म्हणून लक्षात राहिलं.
दुपारी दुकान बंद केलं. डोकं दुखत होतं. मीठ.

१९ मार्च. संध्याकाळ.
कबरस्तानात गेलो. बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची डबी खिशात होती. खात्री करायला गेलो होतो, असा प्रकार शक्यच नाही म्हणून.
पांढरा क्रूस. बायकोचं नाव. तारखा. खाली, माझ्या हातची, पुन्हा भेटु.
त्या दिवशी डबीसुद्धा कोणाला धरू दिली नव्हती. ताई होती, पाळकसाहेब होते, खजिनदारही होते. लग्नपत्रिकेवरून मी ज्यांची सालटी काढली, ते वर्षभर हे बघून गप्प राहिले. कोणी म्हणजे कोणी एक शब्द बोललं नाही.
वाकून ब्रश बुडवला. काय आहे त्यात, शेपटी उलटी वळवली की झालं. तेवढ्यात मागून मुलगी आली. फुलं घेऊन. म्हणाली, पप्पा, इथे दुरुस्त केलंत तर माझं चुकेल.
बाही वर होती. तिनं हात क्रूसाशी धरला. तंतोतंत. ती म्हणाली, आईसाठी तुम्ही लिहिलेलं एवढं एकच आहे माझ्याकडे, आणि ते लिहिताना तुमचा हात कापत होता हे मी पाहिलं होतं.
डोळ्यांत वाऱ्यानं धूळ गेली, असं लिहिणार होतो. वारा नव्हता. रडलो. बायकोची फार आठवण आली. भाजलंय का, ते आज विचारलं.
डबी बंद केली. घरी येऊन ते वचन पहिल्यापासून वाचलं. मेलेल्यांसाठी असं खरंच आहे. बरोबर की चूक, मला ठरवता आलं नाही. पोरीचं कारणही तेच आहे आणि मनाईही त्यालाच.

२२ मार्च, रविवार.
कमिटीत पाळकसाहेबांनी ठराव वाचायला सांगितला. मी म्हणालो, मसुद्यात शुद्धलेखनाची चूक आढळल्यामुळे मागे घेतो. कोणत्या शब्दात, असं त्यांनी विचारलं. शेवटच्या, ‘नाही’मध्ये, मी म्हणालो. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांचा पट्टा रुंद आहे, पण माणूस वाईट नसावा.
मुलगी गायली. आईच्या जागेवर उभी राहून. आखूड बाह्या. डाव्या हातात गीतपुस्तक, उजवा हात तळवा समोर करून वर उचललेला, त्यामुळे मनगट सगळ्या मंडळीला दिसत होतं.
दुसऱ्या कडव्याला खजिनदार माझ्याकडे सरकले. फार दिवसांनी बोलले. कानाशी येऊन म्हणाले, सेक्रेटरी, पोरीच्या हातावरचा टु चुकलाय.
मी म्हणालो, आमच्या घरी तो असाच लिहितात.