सुट्टीचं प्रकरण

४ फेब्रुवारी
एक वाक्य लिहिलं, खोडलं. मग कपाट आवरलं. हे म्हणाले, कादंबरी होवो न होवो, घर मात्र चकाचक झालं!

५ फेब्रुवारी
पुन्हा तेच. सुट्टीच्या प्रकरणापाशी गाडं अडलंय. वसतिगृहाच्या जिन्यावर दोन बहिणी बसल्या आहेत. बाकीच्या मुली घरी गेल्या, ट्रंका गेल्या, व्हरांडा रिकामा झाला. बाबा न्यायला येणार आहेत — आणि येत नाहीत. एवढंच तर लिहायचं! आई गेल्यानंतरची ती पहिली सुट्टी. बाबा आले नाहीत, आम्ही दोघी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांबरोबर तिथेच राहिलो. ताई आणि मी सोडून हे आता कुणाला ठाऊकही नाही. पण पेन तिथे पोचलं की मला तहान लागते, खिडकीबाहेर कोण चाललंय ते बघावंसं वाटतं.

संध्याकाळी ताईचा फोन. दिवसभरात लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं, ती ‘हो, असंच होतं’ म्हणाली की ते पान पक्कं — असा आमचा करार. सुरुवातीलाच बजावलंय तिने: “आपल्या घरचं लिहितेस ना, मग खरं लिही. खोटं सापडलं की माझा फोन बंद.” आणि ताईचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मागे मी संगीताच्या सिस्टरांना पियानो वाजवायला बसवलं, तर म्हणाली, छे, त्या पियानोचं झाकण कधी उघडलं होतं? त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायच्या. बरोबरच होतं. खोडलं.

आज वाचायला काहीच नव्हतं. “मग दिवसभर केलंस काय, बुटके?” साठी ओलांडली तरी मी बुटकीच.

६ फेब्रुवारी
कशातच मन नाही.

७ फेब्रुवारी
लिहिलं! लिहिलं!

सकाळी चहा घेऊन बसले ती ऊन कलल्यावरच उठले. चहा तसाच, वर साय धरलेला. मान आखडलीय, बोटं शाईने माखलीत, आणि इतकं हलकं वाटतंय की अंगणात जाऊन दोरीवरच्या उड्या माराव्यात. कितीतरी पानं — आणि खोडाखोड जवळजवळ नाहीच. मी लिहीत नव्हते, नुसती मागे मागे धावत होते. हे बिचारे मांजराच्या पावलांनी वावरत होते. एकदा दारात येऊन “आहेस ना?” एवढं विचारून गेले. ताट झाकून ठेवलं होतं. थंडगार जेवले, पण किती दिवसांनी अन्नाला चव लागली!

फक्त — बाबा आले.

मी आणलं नाही त्यांना. जिन्यावर दोघी बसल्या होत्या, फाटक वाजलं, आणि ते आले. शर्ट पाठीला चिकटलेला, धापा टाकत, उशीर झाला म्हणून ओशाळलेले. ताईने ट्रंक उचलली, ती त्यांनी तिच्या हातातून घेतली. पुढे सगळं आपोआप.

आजवरचं माझं सर्वांत चांगलं लिखाण. आणि अथपासून इतिपर्यंत खोटं!

ताईला सांगितलं, डोकं दुखतंय, उद्या वाचते.

८ फेब्रुवारी
घरात येरझाऱ्या. खरं तेच लिहून पाहिलं: बाबा आले नाहीत. वाक्य जागच्या जागी मरून पडलं. हे म्हणतात, अगं कादंबरी आहे ती, कोर्टातली साक्ष थोडीच आहे! ह्यांचं काय जातं?

ताईला दुसरंच काहीतरी वाचून दाखवावं, असंही मनात आलं. लगेच कान गरम झाले — जणू सिस्टर मागे उभ्या आहेत. खोटं बोललं की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. अजून पाय दुखतात.

मला ती पानं हवीत. पण संध्याकाळचा तो फोन गेला, तर माझ्या लहानपणाचं कोण उरलं?

९ फेब्रुवारी
वाचलं. श्वास न घेता वाचलं, तिला मध्ये बोलायला फटच ठेवली नाही. फाटक वाजलं तिथे अडवेल वाटलं. नाही अडवलं. संपलं. मी म्हटलं, “ताई?”
“ऐकलं,” म्हणाली. मग, दूध उतू जातंय, असं सांगून फोन ठेवला.

ताई बोलता बोलता फोन ठेवणारी नव्हे. संध्याकाळी दूध तापवतही नाही ती.

१० फेब्रुवारी
फोन नाही. मी केला, उचलला नाही. पुन्हा केला. पानं फाडायला हातात घेतली, ठेवली. हे न विचारता शेजारी येऊन बसले.

११ फेब्रुवारी
सकाळी सकाळीच ताईचा फोन. कशी आहेस नाही, काही नाही.

“लिहून घे,” म्हणाली. “गाडीत तुला झोप लागली. बाबांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत हललेसुद्धा नाहीत. ते राहिलंय तुझं.”

आवाज ओला होता. कधी न झालेला तो प्रवास ती सांगत राहिली. मी लिहीत होते, आणि ती जरा थांबली की विचारत होते — मग?