फिरवलेला निकाल

३ फेब्रु., सोम.
काल दिग्रसजवळच्या तांड्यावर कॉलेजचं कायदा शिबिर. तिथली सखूबाई प्रश्न विचारायला उठली. आपल्या बंजाऱ्यातलीच, म्हणून मी याडी, म्हणजे आई, म्हटलं. "बापाच्या वावरात मले हिस्सा हाय का?" भावांनी साडी-चोळी घेऊन ठेवलीय, शुक्रवारी हक्कसोडपत्रावर सही. आम्हाला कायदा शिकवणाऱ्या सरांनी झेरॉक्स नोट्स काढल्या. "बाप कायदा बदलायच्या आधी वारला ना? मंग भावाइतका हिस्सा नाही भेटत. देऊन टाका सही." फोटो, चहा, शिबिर आटोपलं. मला खटकतंय.

४ फेब्रु.
लायब्ररीतला कॉम्प्युटर कापड पांघरून बसलाय. पासवर्ड सरांकडे, सर लग्नाला. शेवटी मोबाइलवर शोधलं. सरांच्या नोट्समधला निकाल खरा, पण शिळा! सुप्रीम कोर्टाच्याच मोठ्या बेंचनं तो नंतर फिरवलाय. बाप कधीही वारलेला असो, वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. तळपायाची आग मस्तकात. तीन वर्षं कलमं घोकली. निकाल आज टिकून आहे का, हे आधी बघायचं असतं, एवढं कुणी शिकवू नये? आम्हीही मेंढरं, कधी विचारलं नाही.

५ फेब्रु.
सरांना दाखवलं.
"परीक्षेच्या पेपरात जुनंच येते. कायले डोकं लावून राह्यली?"
म्हटलं, सर, त्या बाईची सही शुक्रवारी आहे.
"तुले इंटर्नलचे मार्क पाह्यजे का नाही?"
रडूच आलं. त्यांच्यासमोर रडले याचा जास्त संताप. सखूयाडीकडे फोन नाही, भावाचा नंबर आहे. भावाला काय सांगू, कपाळ!

७ फेब्रु., शुक्र.
सकाळची एसटी. रजिस्ट्री ऑफिसच्या पायरीवर गाठलं तिला, नवी साडी नेसून बसलेली. सगळं सोपं करून सांगितलं. मोठ्या कोर्टाचं आहे याडी, सही करू नको.
ऐकून घेतलं. मग माझ्यावरच भडकली.
"हे त्या दिवशी काहून नाही सांगतलं? तुह्या साहेबाचं आयकून म्या तांड्याच्या नायकासमोर सहीचा शब्द देल्ला. आता फिरली त मले तांड्यात कोन उभं करन?"
निकाल फिरतात, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?
आतून भावाची हाक, "सखू, नंबर आला."
तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. तो परत ओरडला. तरी ती उठली नाही, मनगटही सोडलं नाही.