सभापतीबाईंचा साकव

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. आज मंचरच्या घरी चहा उतू गेला तरी मला कळलं नाही, कारण बाहेर बसलेली माणसं तुझ्याबद्दल बोलत होती.

पंचायत समितीत तू निवडून आलीस ती बायकांसाठी जागा राखीव झाली म्हणून. आपल्या पिंपळवंडीच्या लोकांना वाटलं, बाई गरीब आहे, सांगू तिथं सही करील. सभापती झालीस तेव्हा दादा म्हणाले, "आता घरात जनता म्हंजी मी एकलाच." माझे वडील मोठे मिश्कील, पण छाती फुगली होती त्यांची.

पहिल्याच आषाढात तू मला घेऊन घाटघरकडच्या एका वाडीत सभेला गेलीस. भातलावणीच्या दिवसांत डोंगरातलं माणूस सभेला येतं होय! देवळात आपण दोघी आणि ग्रामसेवक. मी म्हटलं, चल परत. तू पदर खोचलास, सरळ खाचरात उतरलीस आणि कांद्याचं रोप लावावं तशी भाताची एकेक काडी चिखलात खोचत सुटलीस. जन्म कांद्यात गेलेला, हाताला दुसरं ठाऊकच नव्हतं. बायका हसून बेजार. एक म्हातारी म्हणाली, "अवो बाई, कांदा न्हाय ह्यो! चार-चार काड्या संगं लावा." तूही हसलीस आणि लावलेलं उपटून पुन्हा लावलंस. मग त्या चिखलातच बायका मोकळं बोलायला लागल्या. "रस्त्याचं ऱ्हाऊ द्या. वढ्यावर साकव घाला. पावसाळाभर पोरं साळंला जात न्हाईत." साधा छोटा पूल मागत होत्या त्या.

त्या वर्षी निधीत एकच काम बसणार होतं, आणि आपल्या गावाला मळ्याकडचा डांबरी रस्ता हवा होता. ओटीवर माणसं येऊन बसायची. "आदी घरचं बघा, वैनी. त्या वाडीचं एक तरी मत हाय का तुमाला?" दादांनी अबोला धरला. तू सगळ्यांना चहा पाजलास आणि साकव मंजूर करून घेतलास.

पुढच्या निवडणुकीत गावानं तुला घरी बसवलं. जुन्नरहून निकाल ऐकून आपण येतो, तू चुलीपुढं बसून रडते आहेस, आणि मी तुझ्यावरच चिडले आहे. "काय मिळालं तुला?" तू नाक पुसतेस, तव्यावर भाकरी टाकतेस. "लई वाईट वाटतंय गं. पन पोरं साळंत जात्यात न्हवं? जेव आता." मला तेव्हा तुझा रागच आला. आज अभिमानानं ऊर भरून येतो.

इथली जागा यंदा बाईसाठी राखीव झालीय. ती माणसं ह्यांना म्हणत होती, "वैनींना उभं करा, राव. आईनं लई काम केलं व्हतं त्यांच्या." हे म्हणाले, "तिलाच विचारा." मी मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची तब्येत, सगळी कारणं पुढं केली. माणसं उठून गेली.

मग मी बाजारात जाऊन आले. तिथं कांदा निवडायला येणाऱ्या बायकांना लघवीला जायला साधा आडोसा नाही. हे रोजच बघते. आज मात्र कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत उभी राहून, इथं संडासाच्या किती खोल्या बसतील, ते पावलांनी मापत होते.

हे पत्र टाकायचं कुठल्या पेटीत? पडायची भीती वाटते, आई. तरी मला उभं राहायचंय. ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही.