गाल लावलेलं सूप

माय, पुण्याला सुपं पाठवून आठवडा होत आला आणि अजून त्या बाईंचा फोन नाही. तुझी नातसून म्हणते, "मामा, माल पोचला आसंल. बघतील, मग सांगतील. तुमी जेवा आधी." मी जेवतो, पण घास तोंडात फिरत राहतो. पोतं आपल्या तेरहून एसटीनं धाराशिवला गेलं, तिथून पार्सलच्या गाडीनं पुढं. गाडीत कुणी त्याच्यावर जड काही टाकलं असेल का, कुठं पाणी लागलं असेल का, हेच डोक्यात. तू असतीस तर हसली असतीस. लहानपणी मी असा घोर लावून बसलो की तू म्हणायचीस, "तू सूप न्हाईस रं, चाळणी हाईस. दाणा खाली सोडतोस आन् कोंडा जपत बसतोस." आता माझे सगळे केस पांढरे झाले, तरी मी कोंडाच जपतोय. घरात किती वेळा तेच तेच बोलणार, म्हणून तुला लिहायला बसलो. चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढ्यावर जमेल तसं लिहितो.

ही सुपं धान्य पाखडायला गेलेली नाहीत. पुण्यात एक बाई बारशाचं सामान विकतात. तिकडं आता बाळाला सुपात निजवून फोटो काढायची हौस आली आहे. आपल्याकडं ती हौस नव्हती, रीत होती. लेकरू जन्मलं की आधी सुपात, मग पाळण्यात. मीही तुझ्याच हातच्या सुपात निजलो होतो, असं तू सांगायचीस. त्या बाईंनी आधी नमुन्याला एक सूप मागवलं. ते गेलं आणि त्यांचा निरोप आला, की आतल्या बाजूला बांबूचं कुसळ होतं, दुपट्याचा धागा ओढला गेला. दुपट्याच्या जागी बाळाची कातडी असती तर? एवढं बोलून त्या म्हणाल्या, आणखी एकदा बघू, पण या खेपेला एक जरी कुसळ निघालं तर पुढं काही मागवणार नाही. माय, ते सूप मी पास केलं होतं. तुझ्यासारखा गाल लावून.

तुला गाल लावताना मी किती वेळा पाहिलं आहे. चुलीच्या बाजूला, दारातून उजेड येतो तिथं तू बसलेली आहेस. पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा हिरवट वास आणि चुलीवरच्या आमटीचा वास एकमेकांत मिसळलेले. सूप विणून झालं, कड बांधून झाली की तू आधी त्यावरून हात फिरवतेस. मग सूप उचलून डाव्या गालावरून सावकाश नेतेस. डावाच, कारण उजव्या गालात पान असतं. कुठं टोचलं की कोयत्याचं टोक घेऊन तेवढंच तासायचं, पुन्हा गाल. लेकराचं सूप असलं की तू डोळे मिटून घ्यायचीस. बोलायचं नाही, हसायचं नाही, आमटी उतू गेली तरी उठायचं नाही. तुझ्या त्या गालावर बारीक पांढऱ्या रेघा होत्या. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांच्या गालावर असतात.

बाजारात तू मालाची तारीफ कधी केली नाहीस. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. तिथल्या बाजारात आपण धान्यवाल्याच्या शेजारी बसायचो. बाई येऊन सूप उलटंपालटं करू लागली की तू शेजारच्याकडून पसाभर ज्वारी घेऊन तिच्यासमोर पाखडायचीस. कोंडा पुढं उडायचा आणि दाणा मागं गोळा व्हायचा. धान्यवाला ओरडायचा, "अगं, माझीच ज्वारी पाखडून तू धंदा करतीस व्हय?" तू म्हणायचीस, "मग काय झालं? खडे किती घालतोस ते बी कळतं लोकांला!" आजूबाजूचे सगळे हसायचे, आणि तोही हसायचा. जाताना मूठभर ज्वारी गिऱ्हाइकाच्या सुपात टाकायचीस. रिकामं सूप कुणाच्या हाती द्यायचं नाही, ही तुझी रीत. ती मूठही धान्यवाल्याच्याच पोत्यातली.

एकदा एक बाई सुनेच्या बाळंतपणासाठी सूप घ्यायला आली. तू पाणी प्यायला गेली होतीस. मी ढिगातलं वरचं सूप काढून दिलं. मला वाटलं, तू खूश होशील. तू आलीस आणि लगेच त्या बाईच्या हातातलं सूप ओढून घेतलंस. "हे न्हाय द्यायचं. ह्याला आजून गाल लावला न्हाय." ती बाई चिडली. "आगं, सूप इकतीस का सोयरीक जुळवतीस? तुज्या गालाचं मी काय करू?" तू म्हणालीस, "तुमी काय करू नगा, आक्का. पर तुमच्या नातवाला बोलता येत न्हाय. टोचलं तर त्यो कुणाला सांगंल?" तुझा गाल लावून होईपर्यंत ती बाई तिथंच उकिडवी बसून राहिली. घरी येताना उरलेली सुपं तू माझ्याकडं दिली नाहीस, स्वतःच उचललीस. तोच मला मोठा मार वाटला. दुसऱ्या दिवशी मात्र तुझा लहान कोयता माझ्यासमोर ठेवलास, मुठीला तुझ्या जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला. "घे. आता तूच तासत जा," एवढंच म्हणालीस.

तू गेल्यावर प्लास्टिकची सुपं आली, पत्र्याची आली. मी अडतीवर पोती उचलायला लागलो आणि दिवाळीच्या तोंडावर तेवढी थोडी सुपं विणायचो. बुरूडगल्लीत एकेक कोयता असाच अडगळीत गेला. तुझा नातू ट्रक चालवतो, त्याला याचं काही नाही. पण त्याची बायको परंड्याकडची, तिच्या माहेरी हे काम कधीच सुटलेलं. तिनं एक दिवस विचारलं, "मामा, मला शिकवता का?" मला वाटलं, चार दिवसांची हौस. तुझा कोयता तिच्या हातात दिला तेव्हा मनात भीती होती, बोट कापून घेईल. तिनं बोटही कापलं आणि कामही सोडलं नाही. पुढं गल्लीतल्या बाया गोळा करून तिनं बचत गट केला.

मग धाराशिवला शिबिर झालं. तिथून ही काय काय शिकून आली! विणायच्या आधी पट्ट्या कढईत औषधाच्या पाण्यात उकळायच्या, म्हणजे भुंगा लागत नाही. लाकडाचा साचा करायचा, म्हणजे सगळी सुपं एका मापाची होतात. एकीनं पट्ट्या काढायच्या, दुसरीनं विणायचं, तिसरीनं कड बांधायची. मी म्हणालो, "एकीचा हात दुसरीला कसा जुळंल? माझी माय कळकापासनं कडेपातुर एकटी करायची." ती म्हणाली, "आन् एकट्या आजीबाई दिसाला किती करायच्या, मामा?" फोटो काढताना सूप कुंकवाच्या रंगाच्या कापडावर ठेवायचं, हेही तिनंच शोधलं. त्या फोटोवरूनच पुण्याच्या बाईंचा पहिला फोन आला.

नमुन्याच्या सुपाचा फोन आला तेव्हा ती मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवून भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात होतो. सगळं ऐकलं. ती त्या बाईंना म्हणाली, "ताई, आमच्याकडनं चुकलं." आमच्याकडनं. मामांनी बघितलं होतं, असं काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एक जुनी नायलॉनची ओढणी काढली आणि प्रत्येक सुपाच्या आतून फिरवायला लागली. बारीक कुसळ असलं तरी ओढणी अडकते. शिबिरात सांगितलेलं. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. माय, तुझा गाल आणि ती फाटकी ओढणी एकाच पारड्यात?

तिसऱ्या दिवशी ओढणी फिरवलेलं एक सूप घेऊन ती माझ्यासमोर आली. "मामा, आता तुमी गाल लावा."

"ओढणी हाय की तुजी. माझं काय काम?"

"ओढणीला बारसं ठावं न्हाय. आन् आजीबाईंची रीत मोडायची न्हाय आपल्या घरात. फकस्त ती दाढी करून या. खुंटात कुसळ घावंल कसं?"

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी न्हाव्याकडं गेलो. तो म्हणाला, "काका, सणवार न्हाय, लगीन न्हाय, आज कसं काय?" मी म्हणालो, "तपासणी हाय." त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि लगेच जुनं पातं टाकून नवं लावलं. तेव्हापासून रोज सकाळी बाया विणतात, ही ओढणी फिरवते आणि मी गुळगुळीत दाढी करून भिंतीला टेकून बसतो. एकेक सूप गालावरून नेतो, "चालंल" म्हणतो.

पोतं शिवायच्या दिवशी मी एक सूप बाजूला काढलं. मागच्या उभ्या बाजूला, आतून त्याची एक पट्टी काळपट होती, जळल्यासारखी. मी म्हणालो, "हे टोचतंय." तिनं ओढणी फिरवली, अडकली नाही. पुन्हा फिरवली. मग "बरं, मामा" म्हणून बाजूला ठेवलं. मी पाणी प्यायला वळलो आणि वळून पाहतो तर ते सूप पोत्यात चाललं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, मी तांब्या तोंडाला लावला. त्याच सुपाचा घोर मला आठवडाभर खातोय. त्यातच एखादं कुसळ निघालं तर? या बायांनी महिनाभर बोटं सोलून घेतली. पुन्हा कोयते अडगळीत जायचे. आणि ते लेकरू, ते कुणाला सांगणार?

इथवर लिहून कागद उशाखाली ठेवला होता. आज दुपारी फोन आला. बाई म्हणाल्या, माल चांगला आहे, पुढच्या महिन्यात आणखी पाठवा. तुझी नातसून आधी गल्लीभर सांगून आली, मग मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसली. त्यांनी फोटो पाठवला होता. सुपात पिवळं दुपटं, त्यावर एवढंसं लेकरू झोपलेलं. झोपेत मान वळून दुपट्याच्या बाहेर गेली होती आणि त्याचा गाल उघड्या बांबूला टेकला होता. तोंड किंचित उघडं, एक मूठ कानाशी. गाढ झोपलेलं.

"मामा, वळखा कोणचं सूप ते."

लेकराच्या डोक्यामागं ती काळपट पट्टी स्वच्छ दिसत होती. मी म्हणालो, "मला कुठं दिसतंय एवढं बारीक?" ती हसली आणि चहा ठेवायला उठली.

माय, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? ते सूप टोचत नव्हतं. माझ्या गालाला आता काहीच कळत नाही. नमुन्याच्या सुपाच्या वेळीही कळलं नव्हतं. सगळ्याच सुपांना "चालंल" म्हणत राहिलो तर एक दिवस ती विचारायचंच सोडून देईल, म्हणून मधेच एखादं बाजूला काढतो. तिला ते ठाऊक आहे, असं मला वाटतं. हा कागद मी कुठं टाकणार? उशाखालीच राहू दे. उद्या सकाळी न्हाव्याकडं जायचं आहे, नवीन सुपं यायची आहेत.